गोठत्या समुद्रात होडीचे इंजिन

विहिरीवरचे ऑईल इंजिन आपल्यापैकी पुष्कळांनी चालवले असेल, निदान चालताना तरी पाहिले असेल. पौष महिन्यात पहाटे पाणी धरायला गेलेला माणूस इंजिन सुरू झाले की आधी काय करतो? इंजिनातून जी नळी बाहेर आलेली असते, तिच्याखाली हात धरतो. तिच्यातून ऊनऊन पाणी पडत असते. त्या पाण्याने तोंड धुवावे, हातपाय शेकावेत आणि मग दाऱ्यावर जावे. ते पाणी गरम का येते, हे शाळेचे तोंड न पाहिलेल्या गड्यालाही ठाऊक असते. इंजिनाच्या पोटात जाळ आहे. त्या जाळाने लोखंड तापून फुकट जाऊ नये, म्हणून विहिरीचे थोडे पाणी त्याच्या अंगाभोवती खेळवलेले असते. नळीचे पाणी बंद झाले, की गडी हातातले खोरे टाकून धावत येतो आणि इंजिन बंद करतो. नाही केले, तर पिस्टन धरतो, आणि मग तालुक्याच्या गावाहून मिस्त्री आणण्याची पाळी येते.

आता मी आपल्याला एक प्रश्न विचारतो. असेच एखादे इंजिन होडीला बसवले, आणि ती होडी अशा समुद्रात नेली, की ज्याचे पाणी वितळत्या बर्फाहूनही गार आहे. तिथे ते इंजिन तापून जळेल का?

"छे, तिथे कसे तापेल?" असे आपण म्हणाल. मीही तेच म्हटले असते. जहाजावर इंजिनखात्यात लागून मला तीन वर्षे झाली होती, परीक्षाही पास झालो होतो, तरी माझे मत तेच होते. ते ज्या दिवशी बदलले, त्या दिवसाची हकीकत मी पुढे सांगणारच आहे. पण आधी ते पाणी कसे असते ते समजून घेऊ, म्हणजे हकीकतीतली मेख ध्यानात येईल.

आपल्या कोकणच्या किनाऱ्याचे पाणी हिवाळ्यातही २४-२५ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. आंघोळीला घेतले तरी अंगावर काटा यायचा नाही. उत्तरेकडे नॉर्वेच्या पलीकडे, ग्रीनलंडच्या किंवा कॅनडाच्या किनाऱ्याला जसजसे जावे, तसतसे पाणी गार होत जाते. गोडे पाणी शून्य अंशाला गोठते, हे शाळेतली मुलेही सांगतील. समुद्राचे पाणी मात्र शून्याला गोठत नाही. त्याच्या एका लिटरात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, आणि त्या क्षारांमुळे ते शून्याच्या खाली, जवळजवळ उणे १.९ अंशापर्यंत पाणीच राहते. म्हणजे शून्याच्या खालचे, तरीही वाहते, खळखळते असे हे पाणी.

ते गोठू लागते तेही आपल्या समजुतीप्रमाणे नव्हे. हांड्यातल्या पाण्यावर साय धरावी तशी काचेसारखी कडक पापडी लगेच येत नाही. वारा असला, लाटा असल्या, की पाण्यात आधी बारीक बारीक सुया आणि टिकल्या तयार होतात. लाखो, करोडो. त्या एकमेकींना चिकटत नाहीत; पाण्यात नुसत्या तरंगतात, घुसळल्या जातात. मग समुद्राची चकाकी जाते. थिजू लागलेल्या तुपासारखा तो दिसतो, आणि लाटांचा आवाज बसतो. दर्यावर्दी लोक याला तेलकट बर्फ म्हणतात, ते दिसण्यावरून. पुढे त्याचाच रबडीसारखा दाट लगदा होतो. हा लगदा ध्यानात ठेवा. इंजिनाचा खरा वैरी तो.

आता होडीचे इंजिन थंड कसे ठेवतात ते पाहू. होडीत विहीर नाही, पण सभोवार समुद्र आहे. तेव्हा अगदी साधा मार्ग म्हणजे तळाला भोक पाडून नळी बसवायची, पंपाने समुद्राचे पाणी ओढायचे, इंजिनाच्या अंगातून फिरवायचे आणि कडेने बाहेर सोडून द्यायचे. नळीच्या तोंडाशी जाळी असते, कचरा आत जाऊ नये म्हणून. पंपात बहुधा रबरी पात्यांचे एक चाक असते. मागच्या फळीला अडकवायचे जे सुटे इंजिन असते, त्याला आऊटबोर्ड म्हणतात. त्याचीही तऱ्हा हीच. त्याचा लांब पाय पाण्यात बुडलेला असतो, त्या पायाला खाचा असतात, खाचांतून पाणी वर चढते. आणि पाणी नीट फिरते आहे की नाही हे कळावे म्हणून इंजिनाच्या मागच्या बाजूने एक बारीक पिचकारी बाहेर उडत राहते. विहिरीवरच्या इंजिनाची नळी आणि ही पिचकारी, काम एकच.

तर ती हकीकत. १९८६ सालचा फेब्रुवारी महिना. आमचे मालवाहू जहाज कॅनडात सेंट लॉरेन्सच्या आखातातल्या एका बंदरात लोखंडाचे खनिज भरत होते. हवा उणे १४, पाणी उणे दीड. माल भरून झाला, की जहाज किती बुडाले आहे ते दोन्ही अंगांना रंगवलेल्या आकड्यांवरून वाचावे लागते. धक्क्याच्या बाजूचे आकडे धक्क्यावरून दिसतात. समुद्राच्या बाजूचे वाचायला होडी सोडावी लागते. होडीत आम्ही तिघे. आकडे वाचायला सेकंड ऑफिसर, इंजिन सांभाळायला मी, आणि होडी सांभाळायला आमचे सारंग. सारंग म्हणजे जहाजावरच्या खलाशांचा मुकादम. हे दाभोळ खाडीकडचे, वयाने माझ्या वडिलांएवढे. सगळे त्यांना चाचा म्हणत.

पाण्यावर सगळीकडे लगदा होता. होडी त्यातून सरसर आवाज करीत चालली. आकडे वाचून झाले, आम्ही वळलो, आणि थंडी फार म्हणून मी इंजिनाचा कान जरा जास्तच पिळला. लवकर जावे, गरम खोलीत बसावे, एवढेच डोक्यात. चाचा माझ्याकडे तोंड करून बसले होते. ते एकदम म्हणाले, "साहेब, पिचकारी बंद झाली."

मी म्हटले, "चाचा, एवढ्या थंडीत इंजिन काय तापणार आहे? नळीच्या तोंडाशी गोठले असेल."

"थंडी भायेर आहे साहेब. आत आगच आहे. बंद करा."

मी बंद केले नाही. अर्धा मिनिट गेला असेल-नसेल. इंजिनाच्या टोपणातून रंग करपल्याचा वास आला, आणि त्याचा आवाज जड झाला. तेव्हा घाईघाईने बंद केले. टोपण काढून लोखंडाजवळ हात नेला, तर धरवेना. भोवती उणे दीड अंशाचे पाणी, आणि मध्ये आमचे इंजिन तव्यासारखे तापलेले!

झाले होते ते असे. पायाच्या खाचांमध्ये लगदा घट्ट बसला होता. पंप ओढतो आहे, पण पाणी येत नाही. आणि जितके जोराने ओढावे तितका लगदा अधिकच दाबून बसतो. समुद्र गार असून उपयोग काय, तो आत आला तर ना!

इंजिन बंद पडले आणि वारा किती आहे ते तेव्हा कळले. जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा वारा होता. आम्ही धक्क्यापासून लांब चाललो. सेकंड ऑफिसरांनी आणि चाचांनी वल्ही घेतली, पण लगद्यात वल्हे मारणे म्हणजे पिठल्यात पळी फिरवणे. होडी जागची हलेना. तशा पाण्यात माणूस पडला, तर हातपाय कामाचे राहतात ते सुमारे दहा मिनिटे. मग बोटांना दोरीसुद्धा धरवत नाही. हे पुस्तकात वाचले होते. त्या वेळी होडीच्या कडेवरून खाली पाहताना ते आठवले.

चाचांनी वल्हे ठेवले, इंजिनाचा पाय पाण्याबाहेर उलटा करायला लावला आणि आपल्या कोटातून चहाचा थर्मास काढला. गरम चहा त्यांनी खाचांवर धार धरून ओतला. मी चाकूच्या पाठीने लगदा खरवडू लागलो. हातमोजा भिजला, आणि दोन-तीन मिनिटांत चाकू माझ्या हातात आहे की नाही हेच समजेनासे झाले. तो खरेच पडला, होडीतच पडला म्हणून बरे. उरलेले काम चाचांनी केले. पाय परत पाण्यात सोडला, इंजिन जरा निवू दिले, दोरी ओढली. तिसऱ्या ओढीला चालू झाले. पिचकारीकडे आम्ही तिघेही पाहत होतो. आधी नुसती वाफ, मग थेंब, मग धार. परत येताना मी अगदी मंद चालवले, आणि चाचा मागे बसून वल्ह्याने पायाजवळचा लगदा बाजूला सारीत होते. मंद चालवले की आत उष्णता कमी निर्माण होते, थोड्या पाण्यावर भागते.

पुढे इंजिन उघडले तेव्हा पंपाच्या रबरी चाकाची दोन पाती फाटलेली निघाली. आणखी जरा उशीर झाला असता, तर चहाचाही उपयोग नव्हता. त्या फेरीत होडी पुन्हा दोनदा सोडावी लागली. दोन्ही वेळा चाचांनी दोन थर्मास घेतले, एक आमच्यासाठी आणि एक इंजिनासाठी.

मोठ्या जहाजांनाही हीच अडचण येते. फक्त त्यांची सोय मोठी. बर्फाच्या समुद्रात जाणाऱ्या जहाजाच्या तळाशी पाणी घेण्यासाठी पेटीसारखे एक दालन असते. ते उंच ठेवतात, म्हणजे आत आलेला बर्फ हलका असल्यामुळे वर तरंगतो आणि नळी खालचे स्वच्छ पाणी घेते. शिवाय इंजिनातून तापून आलेले पाणी सगळे बाहेर न टाकता थोडे त्या पेटीत परत सोडतात, म्हणजे तोंडाशी साचलेला लगदा वितळत राहतो. आपण आपल्याच चुलीवर आपला बर्फ वितळवायचा, असा तो प्रकार.

हे झाले तापण्याचे. आता गंमत पाहा, त्याच पाण्याचे दुसरे दुखणे याच्या अगदी उलट आहे. नळी मोकळी असली आणि उणे दीड अंशाचे पाणी भरपूर मिळाले, तर इंजिन जितके गरम हवे तितके होतच नाही. आपल्याला वाटेल, मग बरेच की! पण तसे नाही. डिझेल इंजिन ८० अंशांच्या जवळपास असले की नीट जळते. त्याहून फार थंड राहिले, तर तेल पुरते जळत नाही, पांढरा धूर येतो, न जळलेले तेल सिलिंडरच्या भिंतीवरचे वंगण धुऊन खाली उतरते. जळताना जी पाण्याची वाफ होते, ती थंड लोखंडावर दवासारखी जमते. डिझेलमध्ये थोडे गंधक असले, तर ते या दवात मिसळून त्याचे आम्ल होते, आणि आम्ल लोखंड खाते. इंजिन आवाज ठीक करते, चालते, मालकाला काही कळत नाही. पण सिलिंडर आणि रिंगा आयुष्याआधीच झिजतात. आपल्याकडे काही मंडळी इंजिनाला जरुरीपेक्षा जास्त पाणी सोडतात आणि "आमचे इंजिन बर्फासारखे गार चालते" म्हणून सांगतात. त्यांनी हे ऐकून ठेवण्यासारखे आहे.

म्हणून इंजिनात थर्मोस्टॅट नावाचा एक दारवान बसवतात. इंजिन गरम होईपर्यंत तो थंड पाण्याला आत घेत नाही. आतलेच पाणी आतल्या आत फिरवतो. मात्र इंजिनात थेट समुद्राचे पाणी खेळवले असेल, तर दारवानाला फार गरम होईपर्यंत थांबता येत नाही. खारे पाणी सुमारे ६० अंशांच्या पुढे तापले, की त्यातले क्षार किटलीतल्या खपलीसारखे आत बसू लागतात. तेव्हा असे इंजिन नाइलाजाने जरा थंडच ठेवावे लागते.

यावरचा खरा तोडगा म्हणजे दोन पाणी. इंजिनाच्या अंगात गोडे पाणी. तेच ते फिरत राहते, बाहेर जात नाही. आणि त्या गोड्या पाण्याला निववण्यासाठी समुद्राचे पाणी वेगळ्या नळ्यांतून जाते. दोघांची भेट होते, पण मिसळ होत नाही; मध्ये धातूची पातळ भिंत. मग आतले पाणी खुशाल ८०-८५ अंशांवर ठेवता येते. या गोड्या पाण्यात ग्लायकॉल नावाचा गोडसर, दाट द्रव मिसळतात. निम्मे पाणी आणि निम्मे ग्लायकॉल असले, तर ते मिश्रण उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. नुसते ग्लायकॉल भरले तर आणखी चांगले, असे कुणाला वाटेल. पण नुसते ग्लायकॉल उणे १३ च्या सुमारासच गोठते! मिसळीतच गुण आहे. एवढे मात्र सांगून ठेवतो, की ग्लायकॉल विषारी आहे आणि चवीला गोड असते. मोटारींत, ट्रॅक्टरांतही ते घालतात. तेव्हा मुलांच्या आणि जनावरांच्या तोंडी लागेल असे ते उघडे ठेवू नये.

लगद्याच्या समुद्रात चालणाऱ्या काही होड्यांत याहूनही एक पाऊल पुढे जातात. समुद्राचे पाणी आत घ्यायचेच नाही. त्याऐवजी इंजिनाचे गोडे पाणी नळ्यांतून होडीच्या तळाबाहेर, कण्याच्या बाजूने फिरवून परत आणायचे. बाहेर समुद्र असतोच, तो नळ्यांना निववतो. ना जाळी, ना तुंबणे. आमच्या होडीला ही सोय असती, तर चहा प्यायला मिळाला असता.

आता इंजिन सुरू करण्याविषयी. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवेला जोराने दाबतो, दाबल्याने हवा ५०० अंशांच्या पुढे तापते, आणि त्या तापलेल्या हवेत तेलाचा फवारा पेटतो. सायकलला हवा भरताना पंपाचे बूड गरम होते, तोच हा नियम. पण इंजिनाचे लोखंडच उणे १५ अंशांवर असले, तर दाबलेल्या हवेची उष्णता ते पिऊन टाकते. त्यात वंगणाचे तेल मधासारखे दाट झालेले, त्यामुळे इंजिन फिरते सावकाश, आणि सावकाश फिरले की हवा रिंगांच्या फटीतून निसटते. बॅटरी तर अशा थंडीत निम्म्या ताकदीवर येते. उतरलेल्या बॅटरीतले पाणी उणे ८-१० अंशांनाच गोठते आणि बॅटरी फुटते. पूर्ण भरलेली बॅटरी उणे ६० लाही गोठत नाही. म्हणजे सगळी संकटे एकाच वेळी.

यासाठी पूर्वीच्या नॉर्वेच्या कोळ्यांनी जी युक्ती चालवली, ती आपल्या आयाबायांना लगेच समजेल. रॉकेलचा स्टोव्ह पेटवताना आधी बर्नर तापवावा लागतो, नाही का? विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात त्यांच्या होड्यांवर जी इंजिने होती, त्यांच्या डोक्यावर लोखंडाचा एक पोकळ गोळा असे. त्याच्याखाली दिव्याचा झोत लावून तो लाल होईपर्यंत तापवायचा, मग चाक हलवून इंजिन सुरू करायचे. तेल त्या तप्त गोळ्यावर पडून पेटे. बाहेर हवा कितीही गार असो, गोळा लाल असला की काम होई. पण तिथेही थंडी सूड उगवीच. जाळी ओढताना इंजिन फार वेळ मंद ठेवले, तर गोळा निवत जाई, काळा पडे, आणि इंजिन बंद. म्हणून मंद चालताना दिवा पुन्हा लावावा लागे.

थंड समुद्रात इंजिनाने काय करून दाखवले याचे एक उदाहरण सांगतो. अटलांटिकमधून उत्तर अमेरिकेच्या डोक्यावरून पॅसिफिकमध्ये जाण्याचा बर्फाळ मार्ग जहाजाने संपूर्ण पार केला तो प्रथम रोआल्ड आमुंडसेन या नॉर्वेच्या माणसाने, १९०३ ते १९०६ या काळात. त्याचे 'यूआ' हे गलबत ४७ टनांचे, माणसे सगळी मिळून सात, आणि शिडांच्या मदतीला रॉकेलवर चालणारे इंजिन १३ अश्वशक्तीचे. तेरा! आपल्या दोन विहिरींवरची इंजिने एकत्र केली तरी तेवढी ताकद होते. उथळ, खडकाळ खाड्यांतून, वारा नसताना, बर्फाच्या तुकड्यांतून मार्ग काढायला तेवढी पुरली. पुढे १९१० साली तो दक्षिणेकडे निघाला, तेव्हा त्याच्या 'फ्राम' जहाजातले वाफेचे यंत्र काढून १८० अश्वशक्तीचे डिझेल इंजिन बसवले होते. वाफ धरायला बॉयलरला तासन् तास जाळ घालावा लागतो. बर्फात फट पडली आणि ती मिटायच्या आत निघायचे, तर तेवढा वेळ कुठला?

आपल्याही देशाचा संबंध या समुद्राशी आला. १९८१ च्या डिसेंबरच्या ६ तारखेला गोव्याहून डॉ. सय्यद झहूर कासीम यांच्या नेतृत्वाखाली एकवीस जणांची पहिली भारतीय मोहीम 'पोलर सर्कल' या जहाजाने निघाली, आणि १९८२ च्या जानेवारीच्या ९ तारखेला अंटार्क्टिकावर उतरली. जरा विचार करा. निघताना समुद्र आंघोळीच्या पाण्यासारखा आणि महिन्याभरात गोठणबिंदूशी आलेला. अशा वाटेवरच्या इंजिनाला दोन्ही पाण्यांत सारखेच चालावे लागते, आणि तेलेही दोन्ही हवांना पुरणारी निवडावी लागतात.

तेलाचे कोडे तर आपण घरी रोज पाहतो. थंडी पडली की खोबरेल तेल बाटलीत थिजते आणि बाई ती बाटली उन्हात ठेवतात. डिझेलमध्येही मेणासारखा अंश असतो. थंडीत तो आधी धुक्यासारखा दिसतो, मग गाळणीवर बसतो. टाकी भरलेली, आणि इंजिन उपाशी. म्हणून थंड प्रदेशात मेण कमी असलेले निराळे डिझेल वापरतात. आपल्याकडे लडाखसाठी असे डिझेल २०१९ साली आले. ते उणे ३३ अंशांपर्यंत वाहते राहते. तेलात पाण्याचा थेंब असला तर त्याचाही बर्फ होऊन नळी अडते. म्हणून रात्री टाकी भरून ठेवावी. रिकाम्या टाकीत दव धरते.

जहाजावरच्या जीवरक्षक होड्यांच्या इंजिनांना तर आंतरराष्ट्रीय नियमच आहे, की उणे १५ अंशांच्या हवेत, सुरू करायला लागल्यापासून २ मिनिटांच्या आत ते चालू झाले पाहिजे. दोन मिनिटे फार थोडी वाटतात. पण ज्यांचे जहाज बुडते आहे, त्यांना ती पुष्कळ मोठी.

बंद करताना काय करावे, तेही थोडक्यात सांगतो. पाण्याचा बर्फ झाला की तो सुमारे एक अकरांश फुगतो, आणि फुगताना ओतीव लोखंडही फोडतो. तेव्हा ज्या इंजिनात थेट समुद्राचे पाणी फिरते, त्याच्या तोट्या उघडून सगळे पाणी काढून टाकल्याशिवाय होडी सोडून जाऊ नये. आऊटबोर्डची मात्र उलट गोष्ट आहे. होडी पाण्यात असेपर्यंत त्याचा पाय पाण्यातच ठेवावा. उणे १५ च्या हवेपेक्षा उणे दीडचे पाणी ऊबदार. पाय वर उचलून ठेवला, तर आतले पाणी तिथेच गोठते आणि दुसऱ्या दिवशी दोरी ओढताच पंपाची पाती तुटतात. होडी बाहेर काढली, की इंजिन उभे धरावे, पाणी निथळू द्यावे आणि दोरी दोन-चार वेळा हलकेच ओढावी.

शेवटी शिक्षकबंधूंसाठी एक प्रयोग. याला काही खर्च नाही. एक लिटर पाण्यात ३५ ग्रॅम मीठ विरघळवा. चहाचे सहा सपाट चमचे घेतले तरी चालेल. दुसऱ्या भांड्यात तेवढेच साधे पाणी घ्या. दोन्ही भांडी कुल्फीच्या पॉटमध्ये ठेवतो तशी बर्फ आणि जाडे मीठ यांच्या मिश्रणात ठेवा, आणि मुलांना पळीने हलवत राहायला सांगा. थर्मामीटर असला तर उत्तम. साधे पाणी शून्याला येऊन भांड्याच्या कडेला कडक बर्फ धरील. खारे पाणी त्याच्याही खाली जाईल, आणि उणे दोनच्या सुमारास त्यात मऊ टिकल्या दिसू लागतील. तो लगदा पुरेसा दाट झाला, की चहाच्या गाळणीतून ओतायला सांगा. पहिले थोडे पाणी पडेल. मग गाळणी वरपर्यंत भरलेली असेल, आणि खाली एक थेंब येणार नाही.